मॉनिटर लावला की माऊस अडखळतो

मंगळवार, रात्री

दिवाळी अंकाची पानं लावायचे दिवस आले की घरात मला कुणी स्वयंपाकाचं विचारत नाही. आज अंकाचंही फारसं काही झालं नाही. दिवसभर माऊस हलवत बसले. बाण चालता चालता थबकतो, मी हात आणखी रेटते, आणि मग तो राहिलेलं सगळं अंतर एका उडीत तोडून भलतीकडेच जाऊन पडतो. कवितेचं कडवं उचलून शेजारच्या कॉलमात न्यायचं तर अर्ध्या वाटेत सुटतं. डबल क्लिक करावं तर एकच पोचतं. व्यंगचित्राची चौकट मिलिमीटरभर सरकवायला गेले तर ती थेट संपादकीयावर जाऊन बसली. (वाचकांची काही तक्रार नसती.)

हे सुरू झालं मोठा मॉनिटर आल्यापासून. सत्तावीस इंची आहे, समोरासमोरची दोन पानं खऱ्या आकारात दिसतात, त्यामुळे तो परत करायचा विचार मनात आणायचा नाही. लॅपटॉपच्या डाव्या अंगाला कामाचे दोनच पोर्ट. एकात डॉकची, म्हणजे एका पोर्टातून अनेक वायरी जोडून देणाऱ्या डबीची पिन, तिला अगदी खेटून दुसऱ्यात बिनतारी माऊसचा नखाएवढा रिसीव्हर. डॉकमधून एचडीएमआयने मॉनिटर आणि यूएसबीने बॅकअपची हार्ड डिस्क. उजवीकडे नुसतं हेडफोनचं भोक. हा सगळा संसार सोडवून लॅपटॉप एकटा वापरला की माऊसला काहीही होत नाही.

सल्ले भरपूर मिळाले. घरातून सेल बदलायचा आला, तो बदलला. टेबलाच्या सनमायकावर माऊस घसरत असेल म्हणून पॅड झाला, जुन्या अंकाचं जाड मुखपृष्ठही झालं. दुकानदार फोनवर म्हणाला, "मॅडम, ड्रायव्हर अपडेट करा, नाहीतर सरळ विंडोज टाकून घ्या." फॉन्ट, की-बोर्डाची मांडणी, प्रेसची सेटिंगं हे सगळं पुन्हा बसवायचं, तेही अंकाच्या तोंडावर! आजार कुठलाही असो, विंडोज टाकून घ्या.

बुधवार

सकाळी प्रूफं यायच्या आत एकेक वायर काढून बघितली. एका वेळी एकच काढायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही, हे ओळी मोजताना लागलेलं वळण.

आधी एचडीएमआयची वायर काढली. मॉनिटर काळा, डॉक जागेवर. माऊस तसाच अडखळतो. म्हणजे ज्याच्या नावाने कालपासून खडे फोडले जात होते तो मॉनिटर यातून सुटला. मग हार्ड डिस्क काढली, तर पुष्कळ फरक. परत लावली आणि फाइली उतरवायला घातल्या, तर बाण जवळजवळ जागचा हलेना. शेवटी डॉकची पिनच उपसली आणि सगळं सुरळीत झालं.

यात आणखी एक गंमत दिसली. माऊस टेबलाच्या उजव्या कडेला नेला की त्रास वाढतो. लॅपटॉपला वळसा घालून डाव्या बाजूला, रिसीव्हरच्या अगदी पुढ्यात आणला की कमी होतो. सॉफ्टवेअरमध्ये दोष असता तर त्याला डावं-उजवं कशाला कळलं असतं?

संध्याकाळी भाचा आला, नदीपात्रातला सराव उरकून. गणपती जवळ आले की तो आमच्याकडे जेवायलाच येतो आणि जरा मोठ्यानेच बोलतो. त्याने डॉकची पिन आणि रिसीव्हर यांच्यामधलं अंतर बोटाने मोजलं, जेमतेम एका बोटाचं, आणि म्हणाला, "मावशी, तुझा रिसीव्हर ढोलपथकात उभा राहून फोन ऐकतोय."

मग पोळी खाता खाता त्याने सांगितलं ते असं. माऊस आणि रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. माऊसची ताकद मिलिवॉटच्या घरातली, सेल महिनोन्‌महिने पुरतो तो त्यामुळेच. शेजारी डॉकमधून यूएसबी ३.० चं, म्हणजे वेगवान यूएसबीचं काम चालतं सेकंदाला ५ अब्ज बिटांच्या वेगाने. हे बिट मुद्दाम विस्कटून पाठवतात, म्हणून त्यांचा गोंगाट एका जागी न साठता शून्यापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो. २.४ हा आकडा त्याच्या जवळजवळ मधोमध येतो. पिन, सॉकेट, वायर, जिथे आवरण कमी पडतं तिथून हा गोंगाट झिरपतो. जुनं यूएसबी २.० सेकंदाला ४८ कोटी बिटांवर चालतं, त्याचा उपद्रव या पट्ट्यात फारसा जाणवत नाही.

"मग दोष कुणाचा?" मी विचारलं.

"कुणाचाच नाही. वेगवेगळं ठेवलं तर तिन्ही वस्तू चांगल्याच आहेत."

हे उत्तर मला पटलं नाही. शेजारी शेजारी दोन पोर्ट करून विकणाऱ्याला एकात काय जाईल आणि दुसऱ्यात काय, याची कल्पना नसते का?

गुरुवार

भाच्याने जाताना सुचवलं होतं की मॉनिटरच्या मागे यूएसबीचे पोर्ट आहेत, रिसीव्हर तिथे लाव. खोक्यातली चौकोनी तोंडाची वायर काढून मॉनिटर डॉकला यूएसबीनेही जोडला, रिसीव्हर मागे खोचला. दुपारपर्यंत झकास. लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला, मोठ्या पडद्यावर पाककृतींचं सदर लावून टाकलं आणि चहाला उठले.

परत येऊन बघते तर पडदा झोपलेला. माऊस हलवला, काही नाही. आपटला, तरी काही नाही. मॉनिटर झोपताना आपल्या पोर्टांची वीजही बंद करत होता, म्हणजे त्याला उठवायचं काम ज्याच्याकडे, त्याचाच गळा आधी आवळलेला. लॅपटॉप उघडून बटण दाबलं तेव्हा सगळे जागे झाले. मॉनिटरच्या मेन्यूत झोपेतही यूएसबी चालू ठेवायची सोय असते असं वाचून ती शोधली. आमच्या मॉनिटरला नाही.

मग बाबांना विचारलं. बाबांच्या कपाटात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत घरातल्या तमाम वायरी आहेत, गुंडाळी करून, रबर लावून, वर चिठ्ठी चिकटवून. या डब्यांवरून आईने आयुष्यभर टोमणे मारले. त्यांनी दोन मिनिटांत "नेटचा डोंगल, जुना" अशी चिठ्ठी असलेली हातभर लांब यूएसबी एक्स्टेंशन काढून दिली. पूर्वी नेटच्या डोंगलबरोबर अशी वायर यायची, खिडकीजवळ रेंज मिळावी म्हणून. काही कंपन्या माऊसबरोबरही देत. वायरीचं एक टोक लॅपटॉपला, दुसऱ्या टोकाला रिसीव्हर, आणि तो टेबलावरून फिरवत उजवीकडे आणून माऊसच्या पुढ्यात चिकटपट्टीने बसवला. पोर्ट तोच, डॉक तोच, हार्ड डिस्क फाइली उतरवतेय, आणि व्यंगचित्राची चौकट मिलिमीटरभर हवी तर मिलिमीटरभरच सरकते.

बाबा "बघ हं" एवढंच म्हणाले, पण आईकडे बघून.

शनिवार

अंकाच्या पानांचे पहिले फॉर्म प्रेसला गेले. थोडी उसंत मिळाली म्हणून भाच्याने पाठवलेलं वाचलं. इंटेलने एप्रिल २०१२ मध्येच यावर एक तांत्रिक टिपण काढलं होतं. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट जवळजवळ २० डेसिबलने, म्हणजे सुमारे शंभरपटीने वाढतो, असं त्यात मोजून दाखवलं आहे. उपाय दोन. आवरण चांगलं करा आणि अँटेना लांब ठेवा. पहिला बनवणाऱ्यांनी करायचा, दुसरा आमच्या बाबांनी. इतकी वर्षं हे माहीत आहे, आणि डॉकच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर "पाण्यापासून दूर ठेवा" आहे, "माऊसच्या रिसीव्हरपासून दूर ठेवा" नाही. ते वाक्य छापायला शाई किती लागली असती, ते मला विचारा.

आता वायफाय. मॉनिटर चालू असला की नेट रेंगाळतं ही माझी कुरकुर घरात कुणी मनावर घेतली नव्हती. त्याचंही कारण सापडल्यासारखं वाटतंय, आणि ते फारच मजेदार आहे. माझा मॉनिटर २५६० बाय १४४० चा, सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. इतके ठिपके पाठवायला एचडीएमआयवर २४१.५ मेगाहर्ट्झचा ठोका लागतो आणि दर ठोक्याला प्रत्येक रंगाच्या तारेवरून १० बिट जातात. दहाने गुणलं की २४१५. वायफायही माऊसच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं; त्या पट्ट्याच्या वाटण्यांपैकी १ नंबरचं चॅनेल २४०१ ते २४२३ मेगाहर्ट्झ, म्हणजे हा आकडा बरोबर त्याच्या पोटात. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ हा छोटासा कॉम्प्युटर बाजारात आला तेव्हा नेमक्या याच रिझोल्यूशनला वायफाय तुटतं असं लोकांना आढळलं होतं. मॉनिटर सुटला असं बुधवारी लिहिलंय, ते फक्त माऊसच्या बाबतीत.

आमचा राउटर १ वरच होता. वायफायचा दुसरा, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आतल्या खोलीत पोचत नाही, भिंती जुन्या वाड्याच्या आहेत. हा २.४ चा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना वापरता येतो, त्यामुळे माऊस, वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे तिथेच येऊन राहिलेत. राउटर ११ वर टाकला. प्रेसला पाठवायची मोठी फाइल मॉनिटर चालू ठेवून चढवली, ती न अडकता गेली.

भाच्याने फोनवर बघून सांगितलं की वरच्या मजल्यावरचेही ११ वरच आहेत. त्यांच्याकडे मोठा मॉनिटर नाही, तेव्हा त्यांना १ वर जा म्हणून सांगून येऊ का, असं विचारत होता. जेवण झाल्यावर जा म्हटलं.