धावत जायचं, निंदून यायचं

मुलीनं पोलिस भरतीची तयारी सुरू केली, तेव्हा पहाटे पाचला तिला एकटीला रस्त्यावर सोडायला घरात कोणीच तयार नव्हतं. म्हणून मीही बूट घेतले. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. डांबरी रस्ता एकच आणि त्या वेळेला त्यावर धावणारी सगळी भरतीचीच पोरं. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० मीटरचे पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं, त्यामुळे ही पोरं घड्याळाशिवाय दुसरं काही बघत नाहीत. त्यांच्या मागून आम्ही: शिवणाच्या मशीनवर बसून कंबर धरलेली मी, शुगर असलेले दोन गुरुजी आणि पोरींना सोडायला आलेल्या आया.

पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्यानं एकदा गुडजिमबद्दल सांगितलं. लंडनमध्ये २००९ साली ते सुरू झालं. घोळक्यानं धावत एखाद्या ठिकाणी जायचं, तिथलं अंगमेहनतीचं काम करायचं आणि धावत परतायचं. ऐकून सासरे हसले. म्हणाले, "यात नवं काय हाय? शेंडगावचे गाडगेबाबा दिवसा गाव झाडत अन् राती कीर्तन करत. फक्त धावत नव्हते." खरंच आहे ते. श्रमदान आम्हाला कोणी शिकवायला नको. श्रमदानानं पाणी अडवण्याची गावागावांची स्पर्धा म्हणजे पाणी फाउंडेशनचा वॉटर कप; २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये आमच्या विदर्भातला वरुड तालुका होताच. पण श्रमदान म्हटलं की एक मोठा दिवस, फोटो, नाश्ता, आणि पुढच्या आठवड्यात तिथं कोणी फिरकत नाही. धावायला मात्र पोरं रोज येतात. ती रोजची सवय कामाला जुंपता येईल का, एवढंच मला बघायचं होतं.

काम शोधायला लांब जावं लागलं नाही. गावाबाहेर दीड किलोमीटरवर चर्चचं कंपाउंड आहे. विहिरीला पाणी आहे, कडुनिंबाची जुनी झाडं आहेत आणि मागं चर्चच्या मंडळीतल्या, म्हणजे तिथं भक्तीला जमणाऱ्या लोकांतल्या, महिला मंडळानं लावलेली परसबाग. भाजी दोन-तीन एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाते, उरलेली प्रीतिभोजनाला, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाला. पण मंडळातल्या बायकांची वयं झाली. पावसाळ्यात गाजर गवत आणि लव्हाळा त्यांना आवरत नव्हता.

परवानगीला मात्र वेळ गेला. पाळकसाहेब लगेच हो म्हणाले आणि लगेच हेही म्हणाले, की कमिटीला विचारावं लागेल. कमिटी बसते रविवारची भक्ती संपल्यावर, तीही सगळे असले तर. कमिटीतल्या एका वडिलांचा, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ पुढाऱ्याचा, पोरांवर राग होता, कारण कंपाउंडातल्या चिंचेवर दगड मारण्याची परंपरा गावात जुनी आहे. शेवटी अटी ठरल्या: रविवारी यायचं नाही, मागच्या फाटकानं यायचं, विचारल्याशिवाय काही तोडायचं नाही, अवजारं धुऊन जागेवर ठेवायची. मला त्या अटी आवडल्या. ज्याला अटी घालाव्याशा वाटतात, त्याला आपली जागा प्यारी असते.

इकडे गावातही कुजबुज झाली. "धावाले जाता तं जा, पण चर्चात कायले?" असं एका मुलीच्या वडिलांनी मला दुकानावर येऊन विचारलं. प्रश्न कुठून आला हे मला कळत होतं आणि त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, भाऊ, एक दिवस तुम्हीच सोबत या. ते मोटारसायकलवर आले, फाटकाजवळ उभे राहिले, तासभर पोरींना माती उकरताना पाहिलं आणि निघताना म्हणाले, "त्या वांग्याले शेणखत कमी पडून रायलं." पुढच्या शनिवारी त्यांच्या घरून दोन पोती शेणखत आलं.

वेगाचा प्रश्न सोपा निघाला. आम्ही हळू चालणारे आधी निघतो आणि सरळ चर्च गाठतो. पोरं तलावाला वळसा घालून लांबून येतात. दोघं साधारण एकाच वेळी पोचतो आणि कोणाला कोणासाठी थांबावं लागत नाही. पोचल्यावर लगेच खाली बसायचं नाही, हा नियम गुरुजींनी घातला. पाच मिनिटं चालायचं, मीठ-साखरेचं पाणी प्यायचं, मग काम. नाहीतर पोटऱ्या आखडतात आणि उकिडवं बसवत नाही.

खरी अडचण कामाची होती. पंचवीस माणसं एकदम बागेत शिरली तर दहा जण फक्त उभे राहतात आणि दोघं जण पालक गवत समजून उपटतात. हे सुटलं ते महिला मंडळाच्या मावशींमुळे. त्या शुक्रवारी संध्याकाळी बागेत फिरून ठरवतात: हे दोन वाफे निंदायचे, इथं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कुंपण नीट करायचं, तिकडे सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, पसरायचं. अर्ध्या तासात संपेल इतकंच. माणसं किती येणार ते मी त्यांना फोनवर कळवते. हा फोन चुकला तर धावणाऱ्यांच्या संख्येचा काही उपयोग नाही.

भरतीच्या पोरांना निंदण नको असतं. घमेली द्या, पाण्याच्या बादल्या द्या, ती जोरात पळतात. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, त्यामुळे मातीनं भरलेलं घमेलं म्हणजे त्यांना सरावच वाटतो. मावशींनी एकाला विचारलं, "खुरपं धरता येते का तुले?" तो म्हणाला, "आमच्या वावरात बाया निंदतात." मावशी म्हणाल्या, "मंग आज तू बाई हो." पोरी इतक्या हसल्या की तो मुकाट्यानं बसला. आता भेदरांच्या, म्हणजे टोमॅटोच्या, वाफ्यात त्याच्याइतकं स्वच्छ कोणी निंदत नाही.

पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी धरते की पाय उचलत नाही. त्या दिवसांत पोरं बूट फाटकापाशी काढून ठेवू लागली, ते मात्र मी बंद केलं. कुटाराखाली घोणस बसलेली असू शकते. आधी काठीनं ढवळायचं, मग हात घालायचा. उन्हाळ्यात तर सातच्या आत सगळं आटोपायचं, मे महिन्यात इथलं ऊन कोणाला सांगायला नको.

निंबोळ्या वेचण्याचं काम सगळ्यांना आवडलं. वाळवून कुटलेली अर्धा किलो निंबोळी रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, दहा लिटर पाणी करायचं, थोडा साबणाचा चुरा. हा पाच टक्के अर्क झाला. मावा दिसायला लागल्याबरोबर फवारला तर चवळीवर छान चालतो. दोन-तीन घरच्या वावरांतही तो गेला.

भरतीची तारीख लागली की निम्मी पोरं जिल्ह्याच्या मैदानावर सरावाला जातात आणि बाग आम्हा हळूवाल्यांवर येते. तेव्हा वाफे कमी धरायचे, हे मावशींनी आपणहून ठरवलं. माझ्या मुलीचं या वेळी लेखीत थोडक्यात राहिलं, ती पुन्हा धावते आहे.

आता कमिटीनंच विचारलंय, ईस्टरच्या पहाटे कबरस्थानात भक्ती असते, तर त्याआधी तिथलं वाळलेलं गाजर गवत काढून द्याल का? कबरस्थान चर्चच्याही पुढं, चढावर आहे. पोरं म्हणतात तलावाकडून जाऊ, गुरुजी म्हणतात तेवढं अंतर आम्हाला झेपणार नाही, आम्ही आधी निघून ऑटोनं जातो. ऑटोला माझा विरोध आहे.