तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चेहऱ्यांवर पाय द्यायचा का?

बर्लिनला आमच्याकडे पाहुणे आले की पहिले दोन दिवस भिंत, ब्रँडेनबुर्ग गेट आणि नदीतल्या फेरीत जातात. तिसऱ्या दिवशी मी त्यांना ज्यू म्युझियममध्ये नेते. तिथे एका उंच, काँक्रीटच्या खोलीच्या तोंडाशी आलो की प्रत्येक जण आवाज खाली आणून तेच विचारतो, "यावरून चालायचं?" हल्ली तर लोक पुण्याहून निघायच्या आधीच फोनवर विचारून घेतात, कारण आधी येऊन गेलेल्यांनी सांगितलेलं असतं. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

खोलीच्या जमिनीवर लोखंडी चेहरे पसरलेत, दहा हजारांहून जास्त. जाड पत्र्यातून ओबडधोबड गोल कापलेले. डोळे, नाक आणि उघडं तोंड म्हणजे नुसती आरपार भोकं. काही माझ्या तळहाताएवढे, काही परातीएवढे, एकावर एक पडलेले, गंजाच्या रंगाचे. इमारत वास्तुकार डॅनियल लिबेस्किंडची. तिच्यात त्याने काही जागा मुद्दाम पोकळ ठेवल्यात, या शहरातून नाहीशा झालेल्या ज्यूंची आठवण म्हणून. त्यातल्याच एका पोकळीत हे चेहरे आहेत. आत हीटर नाही, उजेड वरून झिरपेल तेवढाच. कलाकृतीचं हिब्रू नाव 'शालेखेत'. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, पानगळ.

गेल्या वर्षी मावशी आली होती. उंबऱ्याशी थांबली आणि खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागली. मी म्हटलं, अगं कापेल, कडा धारदार असतील. तर म्हणाली, "माणसांची तोंडं आहेत ना ती?" चुकून कुणाला पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा, हे ज्यांच्या अंगात मुरलंय त्यांची इथे खरी पंचाईत होते. माझीही झाली होती. पहिल्या खेपेला मी पाय न ठेवताच परत फिरले होते.

तर उत्तर: हो, चालायचं. ही कलाकृती त्यासाठीच मांडलीय. पाय पडला नाही तर ती अर्धीच राहते, कारण उरलेला अर्धा भाग आवाजाचा आहे. तव्यावर तवा आपटावा तसा खणखणाट होतो आणि उंच भिंतींवरून परत अंगावर येतो. कितीही जपून पाऊल टाका, पत्रा डुगडुगतो आणि वाजतो. हळुवारपणाची सोयच ठेवलेली नाही. ती ठेवली असती तर आपण स्वतःला भले समजत बाहेर पडलो असतो, असं मला वाटतं.

हे करणारा इस्राएली शिल्पकार मेनाशे कदिशमान. जन्म 1932 चा, तेल अवीवचा. आईवडील युक्रेनमधून आलेले. तो पंधरा वर्षांचा असताना वडील गेले आणि घरखर्चाला हातभार लावण्यासाठी त्याने शाळा सोडली. शिल्पकलेचे धडे आधी तेल अवीवला, मग जेरुसलेमला. पण मध्ये, 1950 ते 53, मायान बारुख नावाच्या किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीवर, त्याने चक्क मेंढ्या राखल्या. पुढचं सगळं मला त्या तीन वर्षांतून आल्यासारखं वाटतं. खरं तर 1959 मध्ये तो लंडनला गेला, अँथनी कारो या इंग्रज शिल्पकाराकडे शिकला, आणि बराच काळ त्याचं काम शुद्ध भूमितीचं होतं. तेल अवीवच्या हबीमा चौकात त्याची तीन पोलादी वर्तुळं एकावर एक तिरपी उभी आहेत, पंधरा मीटर उंच. कुठल्याही क्षणी गडगडत येतील असं वाटायला लावणारी. न्यूयॉर्कजवळच्या स्टॉर्म किंग या उघड्यावरच्या शिल्पबागेत तर एक अजस्र ठोकळा दुसऱ्याला लटकून आहे; त्याचा खरा आधार जमिनीखाली.

1972 ला तो मायदेशी परतला आणि 1978 च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, त्याने कुठलंही शिल्प नाही, जिवंत मेंढ्यांचा कळप नेला. त्यांच्या पाठीवर निळा रंग लावला आणि स्वतः मेंढपाळ होऊन उभा राहिला. युरोपात याचं नवल झालं. आपल्याकडे रस्त्यात धनगरांचा कळप आडवा आला म्हणून गाडी थांबवून बसलेल्या माणसाला रंगाचा पट्टा मारलेली मेंढी नवी नाही. त्यानंतर मात्र त्याने मेंढीची तोंडं रंगवायचा सपाटाच लावला. गुलाबी, पिवळी, निळी, शेकडो. तो याच चित्रांमुळे घरोघरी पोचला, पण मला त्यातली फार थोडी आवडतात. दहावी बघेपर्यंत पहिली विसरलेली असते.

मेंढा पुन्हा भेटतो तो तेल अवीवच्या कला संग्रहालयासमोर, आणि तिथे तो गोंडस नाही. गोष्ट बायबलमधली. देवाने सांगितलं म्हणून अब्राहाम पोटच्या इसहाकाचा बळी द्यायला निघतो, शेवटच्या क्षणी देव अडवतो आणि झुडपात शिंगं अडकलेला मेंढा मुलाऐवजी कापला जातो. मावशीला सांगितली तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे चिलया बाळच की!" कदिशमानने गोष्ट उलटी केली. त्याच्या शिल्पात मेंढा धडधाकट उभा आहे आणि इसहाकाचं डोकं जमिनीवर पडलंय. जवळ शोक करणाऱ्या बायका. बायबलच्या त्या प्रकरणात आईचं, साराचं, नावही नाही. आपल्याकडे निदान चांगुणेला गाणं तरी आहे. हे काम 1982 ते 85 चं. 1982 मध्ये इस्राएलचं लेबनॉनमधलं युद्ध पेटलं होतं, आणि तो जिथे मेंढ्या राखत होता ते किबुत्झ त्याच सरहद्दीला लागून आहे. देवाने कुणाचा हात अडवल्याचं त्या वर्षी दिसलं नसावं.

जमिनीवर पडलेलं ते एक डोकं पुढे बर्लिनमध्ये दहा हजारांचं झालं, असं मी बघते. तज्ज्ञ कदाचित असं जोडणार नाहीत. ही पानगळ त्याने फक्त नाझींनी मारलेल्या ज्यूंना वाहिलेली नाही. युद्धात आणि हिंसेत बळी पडलेल्या सगळ्यांना वाहिली आहे. म्हणून चेहऱ्यांना नाव नाही, जात नाही, वयही नाही. 1995 मध्ये त्याला इस्राएल पुरस्कार मिळाला, 2015 मध्ये तो गेला.

मावशीने शेवटी बूट घातलेच ठेवले. माझा दंड धरून चार पावलं गेली, थांबली, मग दंड सोडून एकटीच पुढे निघाली. मी काठावरून ऐकत होते. पाठ दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता.

तुम्ही येणार असाल तर सकाळी उघडताच जाऊ, तेव्हा गर्दी नसते. बूट जाड तळव्याचे घाला. आणि एक आधीच सांगून ठेवते: दुसऱ्या टोकाला दार नाही. काळोख्या भिंतीपर्यंत जायचं आणि त्याच चेहऱ्यांवरून परत यायचं.