तुम्ही विचारलंत म्हणून: मेन्झेल देश सोडून का गेला नाही?

चेक सिनेमा दिग्दर्शक यिर्झी मेन्झेलचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच, की 1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये घुसले, त्याच्यासारखाच दिग्दर्शक मिलोश फोरमन अमेरिकेला गेला आणि तिकडे केवढा मोठा झाला, मग हा का नाही गेला? त्याच वर्षी मेन्झेलच्या 'क्लोजली वॉच्ड ट्रेन्स'ला ऑस्कर मिळालं होतं, वय अवघं तीस, म्हणजे दारं तर उघडी होती.

मला विचाराल तर त्याचा सिनेमाच तिथून उचलून नेण्यासारखा नव्हता. चेक लेखक बोहुमिल ह्राबालच्या गोष्टी, गुत्त्यात बिअर पीत फेकलेल्या गप्पा, छोट्या स्टेशनांवरची आळशी माणसं, हे सगळं हॉलिवूडमध्ये कुठून आणणार?

राहिला त्याची किंमतही मोजली. 1969 ला त्याने 'लार्क्स ऑन अ स्ट्रिंग' शूट केला. क्लादनो या चेक गावातलं भंगार यार्ड, सरकारला नको असलेले प्रोफेसर वगैरे लोक तिथे 'सुधारायला' आणलेले, पलीकडे कैदी बायका. त्यातलं ते लग्न बघाच, नवरी कैदेत म्हणून तिच्या जागी म्हातारी आजी उभी राहते आणि नवरा मुलगा गंभीर चेहऱ्याने सगळे विधी पार पाडतो, आपण हसतो आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं. सरकारने बंदी घातली, सिनेमा थेट डब्यात गेला, बाहेर आला 1990 ला, आणि त्याच वर्षी बर्लिनला गोल्डन बेअर! एकवीस वर्षं!!

मग लोक म्हणतात, 1974 ला त्याने सरकारला चालेल असा बांधकाम मजुरांवरचा सिनेमा केला, वाकलाच ना शेवटी? हो, केला, आणि मला तो आवडतही नाही. पण सरकारने काम बंद पाडलेल्या माणसाला इथे बसून भित्रा म्हणणं मला पटत नाही, कारण त्यानंतरच 1985 ला 'माय स्वीट लिटल व्हिलेज' आला, जाडा ट्रक ड्रायव्हर आणि त्याच्या पावलाला पाऊल जुळवत चालणारा लुकडा ओतिक, इतकी माया मी फार कमी सिनेमांत बघितलीय.

बाकी त्याच्यावरची सात तासांची 'चेकमेट' ही डॉक्युमेंटरी आपल्याच शिवेंद्रसिंह डुंगरपूरनी केलीय, मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनवाले तेच. पण सुरुवात तिथून नको. आधी 'ट्रेन्स' बघा, मग 'लार्क्स', आणि ओतिकला घरच्यांसोबत बघा.