शोषखड्डा खणण्याआधी माती मोजा

नांदेड जिल्ह्यात रुजलेल्या शोषखड्ड्यांच्या पद्धतीमुळे, म्हणजे 'नांदेड पॅटर्न'मुळे, 'मॅजिक पिट' हा शब्द गावोगाव पोचला. घरातलं सांडपाणी जमिनीत मुरवणारा हा सुधारित शोषखड्डा. 4 बाय 4 बाय 4 फुटांचा खड्डा, मधोमध सिमेंटची टाकी, भोवती दगड. उघडं गटार नको, म्हणजे डासही नकोत. कल्पना चोख आहे. घोळ होतो तो मुरमातही आणि काळ्या मातीतही एकाच मापाचा खड्डा खणल्याने.

हिशेब साधा आहे. नळयोजना माणशी 55 लिटर धरून आखतात. पाच माणसांच्या घरातून न्हाणी, मोरी, धुणीभांडी मिळून रोज 200 लिटरच्या आसपास सांडपाणी निघतं. शौचालयाचं पाणी यात नाही आणि ते या खड्ड्यात कधीच सोडायचं नाही. पन्हाळीचं पावसाचं पाणीही नाही. आता हे 200 लिटर जमीन पिणार का, ते आधीच पाहता येतं.

खड्डा जितका खोल जाणार, तितक्या खोलीवर फूटभर रुंद भोक घ्या. कडा खरवडा, तळाला 5 सेंमी खडी टाका, पाणी भरून रात्रभर मुरू द्या. कोरड्या मातीवर चाचणी केली की माती खोटं बोलते. दुसऱ्या दिवशी खडीवर 15 सेंमी पाणी ठेवून दर अर्ध्या तासाला किती उतरलं ते मोजा, पुन्हा भरा, असं चार तास. शेवटच्या अर्ध्या तासाच्या वेगाने 25 मिमी उतरायला किती मिनिटं लागतील ते काढा. भारतीय मानक 2470 प्रमाणे 204 ला त्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागलं की एक चौरस मीटर भिंत रोज किती लिटर शोषेल ते मिळतं. तळ धरायचा नाही, तो गाळाने बंद होतोच.

9 मिनिटं आली तर 68 लिटर. आपल्या खड्ड्यात पाण्याखालची भिंत 1.2 मीटर (4 फूट) रुंदी × 4 बाजू × 0.9 मीटर (3 फूट) पाणी, म्हणजे 4.3 चौरस मीटर. रोज 290 लिटर मुरतं, निवांत. 25 मिनिटं आली तर जेमतेम 175. तोच खड्डा इथे पहिल्याच पावसाळ्यात डबकं होणार. इथे एक बाजू 4 ऐवजी साडेपाच फूट करा, भागतं. 30 ते 60 मिनिटं आली तर खड्डा सोडून उथळ लांब चर घ्या. 60 च्या पुढे मुरवण्याचा नाद सोडा. गल्लीचं पाणी एकत्र करून निवळण टाकी आणि कर्दळ लावलेला खडीचा वाफा करा. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हापसा 18 मीटरच्या आत असेल, तर ही सगळी आकडेमोड बाजूला ठेवून जागाच बदला.

टाकी 2 फूट व्यासाची, 3 फूट उंच, तळ बंद. खड्ड्यात आधी फूटभर मोठे दगड, त्यावर टाकी. टाकीच्या तळापासून 2 फुटांवर तिला चार भोकं, सांडपाण्याच्या नळाचं तोंड त्यांच्या वर. भोकांखाली 170 लिटर पाणी थांबतं, म्हणजे जवळपास दिवसभर. तेवढ्यात राख, माती, उष्ट्याचे कण खाली बसतात आणि निवळलेलं पाणीच दगडांत उतरतं. जुना शोषखड्डा का तुंबायचा, त्याचं उत्तर इथेच आहे: गाळ थेट भरावात जायचा. भरावाला वीटतुकडे नकोत, भिजून त्यांचा चुरा होतो. वाळूही नको. दगडांवर जुनं पोतं पसरून मगच माती लोटा. टाकीला झाकण घट्ट हवं, लहान मूल उचलू शकणार नाही इतकं जड.

ओल्या मातीत खणलं की कुदळीने, जेसीबीच्या बकेटने तर जास्तच, भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते आणि पाणी शोषत नाही. दगड भरण्याआधी ती खरवडून घ्या.

मोरीच्या तोंडाला जाळी लावा. टाकीतला गाळ भोकांच्या खाली वीतभर आला की काढा. राखेने भांडी घासणाऱ्या घरात ही वेळ लवकर येते. दगडांत तळापर्यंत एक भोकं पाडलेला पाइप उभा ठेवलात तर बिघाड ओळखता येतो. टाकी भोकांच्या वरपर्यंत भरलेली पण पाइप कोरडा, तर भोकं तुंबली आहेत. बांबूने मोकळी करा. रात्रभर पाणी न सोडताही पाइप सकाळी भरलेलाच दिसला, तर भिंतीवर काळा बुळबुळीत थर चढला आहे. पाणी शेजारच्या दुसऱ्या खड्ड्याकडे वळवून पहिला काही महिने कोरडा पडू द्या.