उजवा हात, डावा पाय
पुल बॉय (पाय तरंगत ठेवणारा फोमचा तुकडा) मांड्यांत धरून पोहले की माझे २५ मीटर ३२ सेकंदांत व्हायचे आणि तो काढून किक मारत पोहले की ३५. महिनाभर हेच चाललं होतं. एवढे जीव तोडून पाय मारायचे आणि वेग मात्र कमी, हे मला फार लागलं होतं. एक दिवस पोहणं शिकवणारे सर म्हणाले, "ताई, तुमचे पाय आणि कंबर एकमेकांशी भांडतायत."

फ्रीस्टाइलमध्ये अंग सपाट पालथं राहत नाही. दर हाताला खांदा आणि कंबर मिळून एका कुशीवर कलतात. मी नुसते खांदे वळवत होते. पाय खाली आपल्याच तालात फडफडत होते, आणि श्वासाला मान वळवली की ते कात्रीसारखे फाकायचे. तिथेच सगळा वेग जायचा.

सरांनी मला पूलच्या काठावर टॉवेल अंथरून पालथं झोपवलं. उजवा हात डोक्यापुढे लांब, डावा मांडीपाशी. "आता डाव्या पावलाची वरची बाजू जमिनीवर दाबा." दाबली, तर डावी कंबर आपोआप वर उचलली गेली आणि उजवा खांदा थोडा पुढे सरकला. चार-पाच वेळा करून बघितलं. तोपर्यंत मी किक म्हणजे पाणी मागे ढकलणं एवढंच समजत होते. डावा पाय खाली गेला की डावी कंबर वर येते, अंग उजव्या कुशीवर वळतं आणि पुढे शिरणाऱ्या उजव्या हाताला त्याचाच जोर मिळतो, हे त्या टॉवेलवर कळलं.

पाण्यात गेल्यावर दोन किकचा सराव दिला: दर हाताला एकच किक, विरुद्ध बाजूच्या पायाची. उजवा हात पाण्यात शिरून पुढे लांबताना डावा पाय, डावा हात शिरताना उजवा. मधल्या वेळात पाय शांत. हे शांत ठेवणंच सर्वांत अवघड गेलं, कारण पाय थांबले की बुडतील ही भीती अंगात मुरलेली असते. पहिले काही दिवस मी भिंतीला रेटा देऊन नुसते सहा हात मारायचे, थांबायचे, परत यायचे. श्वास घ्यायचाच नाही. घाईघाईत पूर्ण लॅप मारण्यापेक्षा हे सहा हात खूप शिकवून गेले.

मग श्वास. माझा पुढचा हात श्वास घेताना पाणी खाली दाबायचा, तोल जायचा आणि तो सावरायला पाय फाकायचे. म्हणजे दोष दिसायचा पायात, सुरू व्हायचा हातात! पुढचा हात लांबच ठेवला आणि एक गॉगल पाण्याखाली राहील इतकंच डोकं वळवलं, तेव्हा कात्री बरीच कमी झाली. त्यासाठी कुशीवर राहून सहा किक, मग एक हात, मग दुसरी कूस, हा सराव रोज १० मिनिटं केला.

दोन हातांमागे सहा किक, यावर आले ती सहा मात्रांच्या दादरा तालावर. धा धी ना, धा ती ना. पहिल्या 'धा'ला उजवा हात आणि डावा पाय, चौथ्या मात्रेच्या 'धा'ला डावा हात आणि उजवा पाय. मधल्या किक हलक्या, गुडघा सैल, घोटा सैल. पाय आळीपाळीने चालत असल्यामुळे तीन किकनंतर बरोबर दुसऱ्याच पायाची पाळी येते. हे मोजताना लक्षात आलं तेव्हा मी भिंत धरून हसले होते.

आता पुल बॉयशिवाय ३० सेकंद लागतात. लांब पोहायचं असेल तेव्हा दोन किकच ठेवते, दम पुरतो. डावीकडून श्वास घेताना अजून उजवा हात खाली जातो. सध्या रोजचे पहिले चार लॅप त्यासाठीच राखून ठेवलेत.