मृदंग पोरांच्या हातात द्या

शेती मुलाच्या हवाली केल्यावर किंवा नोकरीतून मोकळं झाल्यावर ‘आता दिवसभर करावं काय?’ असं म्हणणारी माणसं मराठवाड्यात गावोगाव भेटतात. त्यातल्या ज्यांना मृदंग येतो त्यांना माझं एकच सांगणं आहे. दिवेलागणीला तो मारुतीच्या देवळात न्या आणि पोरं गोळा करा. नामदेवांची नर्सी, जनाबाईंचं गंगाखेड, गोरोबाकाकांचं तेर, नाथांचं पैठण ज्या मुलखात आहे, तिथल्या गावांना सप्त्यासाठी बाहेरून मृदंगी आणावा लागतो, हे मनाला लागतं.

दिवाळीनंतर सुरू करा. सोयाबीन घरात आलेलं असतं, परीक्षा लांब असतात. महाशिवरात्र डोळ्यांसमोर ठेवा, कारण तारीख नसली की वर्ग महिन्याभरात पांगतो. एका मृदंगामागे दहा-बारा पोरं पुरे. जास्त झाली की पाळी येत नाही आणि पोरं कंटाळतात.

पहिले पंधरा दिवस मृदंगाला हात नाही. हरिपाठ म्हणत आठ मात्रा हातावर मोजायच्या. मग टाळ. टाळ पूर्ण तोंडाला तोंड लावून आपटला की मधे हवा कोंडते आणि आवाज बसतो. कडा किंचित सरकवून मारला की खणखणतो.

खरी परीक्षा कणकेची. मूठभर गव्हाचं पीठ पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल मळा. धुमेच्या, म्हणजे मृदंगाच्या डाव्या, खर्जाच्या तोंडाच्या मधोमध ओल्या हाताने थापा, मधे जाड, कडेला पातळ. घट्ट झाली तर वाजवताना सुटून पडते, फार सैल झाली तर पंजाला चिकटते. धुम चढी वाटली तर कणीक वाढवा, बोदी, म्हणजे बसकी वाटली तर काढा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती लवकर वाळून तडकते, म्हणून वाटीभर पाणी जवळ असू द्या. उठताना खरवडून ओल्या फडक्याने पुसा. आळस केला की रात्री उंदीर पुडीच, म्हणजे तोंडावरचं कातडंच कुरतडतात. हे काम रोज पाळीने पोरांकडूनच करून घ्या.

शाईच्या, म्हणजे काळा गोल असलेल्या उजव्या बाजूला गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या काठच्या चामड्याच्या वेणीवर वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. एकाच जागी ठोकत बसू नका, समोरासमोर ठोका.

सुराचा घोळ मात्र हमखास होतो. मोठी माणसं पेटीच्या काळी एक-दोन या पट्ट्यांमध्ये रमतात, पोरांना काळी चारच्या आसपास सोपं जातं. मोठ्यांच्या पट्टीत ओढलं की खालचे स्वर त्यांना लागतच नाहीत, मग ती नुसती ओरडतात. एक मृदंग दोन्हीकडे पुरत नाही. पोरांचा वेगळा लावा.

फी घेऊ नका. पुडी बदलायला गावातून वर्गणी मिळते. मुलींना पहिल्या दिवसापासून बसवा, नंतर बोलावलं तर त्या लाजतात.

आणि महाशिवरात्रीची वाट न पाहता रोजच्या हरिपाठातला एक अभंग पोरांकडे सोपवा. ठेका चुकला तर मधे थांबवू नका. शेजारी बसून टाळावर मात्रा धरा, ती आपोआप समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर येतात.