नवऱ्याकडचा फोटोग्राफर

वैशाख शुद्ध तृतीया

आज अक्षय्य तृतीया. मुहूर्त न बघता लग्न लावायचा दिवस, त्यामुळे तालुक्यात वाडीवाडीला मांडव. माझ्याकडे एकच लग्न होतं, तेही सकाळचं. म्हणून रात्री वही उघडायला हात मोकळा आहे.

स्टुडिओच्या भिंतीवर बाबांच्या वेळेपासून कालनिर्णय लटकतं. ते काढणारे जयंतराव साळगावकर आमच्या मालवणचेच, १९७३ पासून ते निघतंय, हे बाबा गिऱ्हाइकाला अजून सांगतात, कुणी विचारलं नसलं तरी. माझ्या धंद्यातल्या दोन्ही गोष्टी त्या एका कागदावरून ठरतात, मुहूर्त आणि पाणी. मुहूर्त भटजी काढतात, पाणी मी काढतो. गाबतांच्या, म्हणजे इथल्या मासेमारांच्या, जुन्या माणसांचा हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती भरते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी उधाण आणि संध्याकाळी पाणी लांब गेलेलं. किनाऱ्यावर जोडप्याचे फोटो काढणाऱ्याला एवढं पाठ हवं. ॲपमध्ये मिनिटासकट वेळ मिळते, पण तारीख फोनवर ठरत असते तेव्हा ॲप कोण उघडतो?

आज संध्याकाळी तसाच एक फोन आला. आचऱ्याला त्रयोदशीचं लग्न आहे, नवरीच्या वडिलांनी मला कधीच सांगून ठेवलंय. फोन मात्र नवऱ्याच्या चुलतभावाचा, मुंबईहून. "दादा, प्री-वेडिंग पण करायचंय. दोघं षष्ठीला मालवणात आहेत. सनसेट पायजे, ड्रोन पायजे. मी रील पाठवतो, तश्शीच पोज."

सहा त्रिक अठरा, त्याचे चौथाई साडेचार. षष्ठीला सूर्य कलेपर्यंत मालवणच्या चिवला किनाऱ्यावर वाळूची पट्टी अर्धी पाण्याखाली, उरलेल्या अर्धीत मे महिन्याचे पर्यटक. मी म्हटलं, सकाळी साडेसहाला या. तो म्हणाला, सकाळी सनसेट कसा मिळणार? म्हटलं, नाही मिळणार.

त्याने अकरा रील पाठवली आहेत. नवात नवऱ्याने नवरीला उचललेलं आहे.

षष्ठी

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सगळे संध्याकाळच्या मागे लागतात. संध्याकाळी सूर्य समोर पाण्यात, माणसं काळी. सावलीचित्र छान येतं, पण असे चार फोटो झाले की पाचवा कुणाचा हे आईलाही ओळखत नाही. सकाळी सूर्य माडांच्या मागून चढतो, वाळूवर बराच वेळ माडांची सावली असते, समोर आभाळ उघडं. चेहऱ्यावर इतका मऊ उजेड भाड्याच्या लाइटने येत नाही. शिवाय आज पाणी ओसरत होतं, ओली वाळू आरशासारखी होती. आणि किनाऱ्यावर माणसं अशी नव्हतीच, फक्त रापणकर.

नवरा विक्रोळीला राहतो, कंपनीत आहे. नवरी आचऱ्याची, बँकेत. दोघं आजवर तीनदा भेटलेले: बघायला, साखरपुड्याला आणि बस्त्याला. तिन्ही वेळा आजूबाजूला पंधरा माणसं. आज चौथी भेट, तर मधे मी, माझा पोरगा असिस्टंट आणि रील दाखवणारा चुलतभाऊ. "वहिनी, हात असा गळ्यात टाका ना." वहिनींनी हात टाकला. दोरीवर ओला टॉवेल टाकतात तसा.

पंचवीस वर्षांत एक कळलं आहे. "जवळ या" म्हटलं की माणसं पायाने जवळ येतात आणि खांद्याने लांब जातात. दोघांमधलं हातभर अंतर हा काही फोटोतला दोष नाही. तीनदा भेटलेल्या माणसांत ते असायलाच हवं. उलट ते नीट दिसलं पाहिजे, कारण वर्षभराने ते उरणार नाही आणि परत कधी मिळणारही नाही. हे चुलतभावाला सांगण्यात अर्थ नव्हता. मी त्याला ड्रोनच्या बॅटऱ्या धरून गाडीपाशी उभा केला. (ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. पण कुठे उडवायचा हे नकाशा बघूनच. चिपीला विमानतळ झाल्यापासून तर जास्तच.)

तेवढ्यात रापण ओढायला लागले. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल सोडलेलं लांबलचक जाळं, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि प्रत्येक दोराला रांगेने माणसं. ओढणाऱ्याला वाटा मिळतो. ओळखीचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, होते, त्यांना विचारलं, ही दोघं जरा हात लावतील का? ते म्हणाले, "लावू दे मरे, हात कोणाक नको हत?"

नवऱ्याने बूट काढले. पहिल्या हिसक्याला तो पुढच्या माणसाच्या पाठीवर आपटला. नवरी मागे होती, ती मोठ्याने हसली आणि तिने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली: अरे, पाय रोव आधी! तिला माहीत होतं, तिचं बालपण आचऱ्याच्या किनाऱ्यावर गेलेलं. मग अर्धा तास ती त्याला शिकवत होती. दोर कमरेला कसा घ्यायचा, मागे कसं रेलायचं. मी पंचाऐंशी एमएमची लेन्स लावून वीस पावलं लांब. त्यांना मी आठवतच नव्हतो. जाळं वर आलं तेव्हा त्यात बांगडे थोडे आणि कचरा फार, पण वाट्याचे चार बांगडे नवऱ्याने रुमालात घेतले. ते कुठे ठेवायचे ह्यावरून दोघांचं पहिलं भांडण झालं. तेही माझ्याकडे आहे.

नवशिक्यांना मी एवढंच सांगतो, पोज देऊ नका, काम द्या. पाट उचलायला सांगा, गजरा माळून द्यायला सांगा, विहिरीवरून कळशी आणायला सांगा. हात कामात गेले की चेहरा मोकळा होतो. मात्र काम खरं हवं. खोटी कळशी लगेच कळते.

जाताना चुलतभाऊ म्हणाला, "उचललेला एक तरी?" नवऱ्याने नवरीकडे बघितलं. ती म्हणाली, बांगड्याचा वास येतोय तुम्हाला. विषय संपला.

अष्टमी

काम नाही. सगळी लेन्स बाहेर काढून पुसली. मिठाचा हात लागलेला असतो, कोरड्या फडक्याने पुसलं तर काच चरते. आधी दमट कापड, मग सुकं. मिरग महिन्यावर आला, कपाटातला पंधरा वॅटचा बल्ब गेलाय तो आणायचा. दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. एकदा आत जाळं धरलं की ती लेन्स संपली.

द्वादशी, हळदीची रात्र

आचऱ्याहून आत्ताच आलो. अंग पिवळं आहे.

हळदीच्या फोटोंत बहुतेकांचा घात कॅमेराच करतो. एवढं पिवळं बघून तो घाबरतो आणि आपल्या मनाने निळं ओततो, माणसं आजारी दिसतात. पांढरा पंचा समोर धरून रंग बांधून टाकायचा आणि मग विसरून जायचं. उद्याची काळजी वेगळी आहे. खळ्यात घातलेला माटव झावळांचा आहे. दिसतो सुरेख, पण बारा-बावीसच्या मुहूर्ताला ऊन झावळांतून गाळून येणार, म्हणजे नवरीच्या कपाळावर एक पट्टा, गालावर तीन ठिपके. नवरीच्या काकांना सांगून बोहल्याच्या वर पांढरी चादर ताणून घेतली. आधी त्यांनी निळं प्लास्टिक आणलं होतं. म्हटलं, काका, त्याखाली नवरीचा शालू आणि व्याह्यांचं तोंड एकाच रंगाचं दिसेल. लगेच चादर आली.

आणि ज्या खोलीत नवरी तयार होणार तिथे एसी आहे. तिथून कॅमेरा थेट माटवात आणला की काचेवर धुकं, दहा मिनिटं आंधळा. उद्या एक कॅमेरा खोलीत जाणारच नाही. हे मी शहाणपणाने नाही, मार खाऊन शिकलो.

तो मार इथे लिहून टाकतो, कुठेच लिहिलेला नाही. बारा वर्षांपूर्वी, देवगडकडचं एक लग्न. शेवटचं मंगलाष्टक चाललेलं, मी एसीतून आलो, लेन्स धुकटलेली, मी ती शर्टाला पुसतोय. पुसून स्क्रीनवर बघतोय आली का. तोवर "सावधान" झालं, अंतरपाट गेला, ताशा सुरू, अक्षता अंगावर. मी मान वर केली तेव्हा हारसुद्धा गळ्यात होते. मी काय केलं? "थांबा, परत घाला" म्हटलं. हार काढले, परत घातले. दोघंही शहाण्यासारखी हसली. फोटो झकास आला, अल्बमच्या मुखपृष्ठावर त्यांनीच निवडला. पुढे त्या घरातली दोन बारशी मी केली, भिंतीवर तो फोटो मोठा करून लावलाय. मी गेलो की त्याच्याकडे पाठ करून बसतो.

तेव्हापासून शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की स्क्रीन बंद. काय आलं ते घरी जाऊन बघायचं, बाबांसारखं. बाबांचा यशिका कॅमेरा, एकशेवीसचा रोल, रोलला बारा चौकोनी फोटो. अख्खं लग्न तीन रोलात. अंतरपाटाला त्यांच्या वाट्याला एक क्लिक यायचं, फार तर दोन. ते भटजींच्या खांद्यापाशी उभे राहायचे आणि दोघं बाजूने घ्यायचे, मधे कापड. त्या जागेवरून दोन्ही चेहरे दिसतात. भटजी आणि फोटोग्राफर सोडले तर मांडवात ती सोय कुणालाच नसते.

मी ती जागा सोडली. बाजूने दोघं येतात खरी, पण नाकं येतात. कापड खाली जातं तेव्हा डोळ्यांत जे होतं ते समोर उभं राहिल्याशिवाय मिळत नाही, आणि समोर म्हणजे एकाच्याच. नवरीकडे सगळे कॅमेरे, सगळे मोबाइल, करवल्या, व्हिडिओवाला. तिला ते ठाऊक असतं, आठवडाभर तिला सगळ्यांनी सांगितलेलं असतं की तुझ्याकडे बघणार. नवऱ्याला कुणी काही सांगत नाही. मुंडावळ्या खाजत असतात, घाम गळत असतो, पगडी घट्ट झालेली असते, आणि आपल्याकडे कुणी बघतंय हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून मी असिस्टंटला नवरीसमोर उभा करतो आणि स्वतः नवऱ्यासमोर. पैसे नवरीकडच्यांचे आणि उभा नवऱ्याकडे, म्हणून एका वधुपित्याने मला ऐन मांडवात हाताला धरून फिरवलं होतं.

कुणी म्हणतं, हल्ली सगळं आधीच बघितलेलं, अंतरपाटात आता राम नाही. मी आठ-आठ वर्षं कॉलेजपासून एकत्र असलेल्यांचे अंतरपाट काढलेत. पाच मिनिटं ते कापड मधे धरलं की तीही एकमेकांना शोधायला लागतात. गेल्या साली एकाच्या आजीने मला थांबवून सांगितलं, "आमच्या वेळाक ह्येंचा तोंड मी चवथ्या दिवसाक बघलंय. अंतरपाट गेलो तेव्हा मी खालीच बघी होतंय." मग फोटोत काय आलं, विचारलं. म्हणाली, "भांग."

त्रयोदशी

लग्न लागलं. दमलोय, उद्या-परवा लिहितो. काळ्या वाटाण्याचं सांबार तीनदा घेतलं.

पौर्णिमा

बाहेर उधाण आहे, इथपर्यंत आवाज येतोय. दुपारी कार्डं उतरवली. दोन हजार नऊशे फोटो, त्यांतले सहाशे देणार. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले. त्यांना आता बारीक दिसत नाही, पण स्क्रीन मोठी करून दिली की बघतात. पाठवणीचे फोटो त्यांनी भराभर पुढे ढकलायला लावले. रडण्याचे फोटो त्यांना कधीच आवडले नाहीत. "त्येका काय बघूचा?" हळदीच्या रंगावर मान हलवली. रापणीचे बघून म्हणाले, दोर चुकीचो धरलो हा ह्येने. तोवर तिने शिकवलं नव्हतं, म्हटलं.

मग अंतरपाटाचा आला. माझा, नवऱ्यासमोरचा. चादरीने काम चोख केलं होतं, चेहऱ्यावर एक ठिपका नाही. कापड खाली सरकताना त्याच्या हनुवटीपर्यंत आलेलं, अक्षता हवेत, आणि तो बघतोय. हसत वगैरे नाही. चिवल्याला ती पाय रोव म्हणाली तेव्हा बघितलं होतं ना, तसंच, सांगितलेलं नीट ऐकून घेत असल्यासारखं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, बाजूने का नाही घेतलास म्हणतील. त्यांनी बोट ठेवलं ते नवऱ्याच्या मागे, डाव्या खांद्यापाशी. तिथे चुलतभाऊ उभा. तोंड किंचित उघडं, मोबाइल छातीपाशी उलटा धरलेला, डोळे नवरीकडे.

"हो खयचो?"

"नवऱ्याचो चुलतभाव. रीलवालो."

"मगे हातात मोबाइल आसा तर फोटो कित्याक काढणा नाय?"